सोडून दिलेल्या जागेचे ऋण

१

एखादी जागा बंद करणे म्हणजे नेमके काय करणे, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासनाचा आहे. दार लावले, कुलूप घातले, फलक उतरवला, नोंदवहीत शेरा मारला, की व्यवहारापुरते काम संपते. परंतु जागा संपत नाही. ती होती तिथेच राहते, फक्त कोणाच्या दिनक्रमात उरत नाही. व्यवहार संपला आणि वस्तू उरली, या विसंगतीतून जो नैतिक प्रश्न उभा राहतो, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. साहित्यसमीक्षेच्या व्यासपीठावर तो मांडण्याचे कारण असे की, ‘अनुपस्थिती’, ‘माग’, ‘रिक्त अवकाश’ या संकल्पना आपल्या समीक्षेने गेल्या काही दशकांत मोठ्या उत्साहाने हाताळल्या. मात्र या संकल्पनांखाली खरोखरीची माणसे राहतात तेव्हा त्यांचे काय होते, हे तपासण्याची गरज तिला फारशी भासलेली नाही.

पाश्चात्त्य महानगरांच्या संदर्भात या प्रश्नाचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे भुयारी रेल्वेची बंद स्थानके. न्यूयॉर्कचे सिटी हॉल स्थानक १९०४ साली मोठ्या दिमाखात उघडले आणि ३१ डिसेंबर १९४५ रोजी बंद झाले. त्याचा फलाट वळणदार होता आणि नव्या, लांब गाड्यांना तो सोयीचा नव्हता. लंडनचे डाउन स्ट्रीट १९३२ मध्ये प्रवाशांअभावी बंद झाले आणि पुढे महायुद्धात रेल्वे-प्रशासनाचे भूमिगत कार्यालय म्हणून वापरले गेले. ऑल्डविच हे स्थानक १९९४ साली बंद झाले. बर्लिनची कथा वेगळीच आहे. १९६१ मध्ये भिंत उभी राहिल्यावर पश्चिम बर्लिनच्या काही गाड्या पूर्व बर्लिनच्या पोटातून, मंद दिव्यांच्या आणि पहारा बसवलेल्या फलाटांपाशी न थांबता, जात राहिल्या. ही स्थानके १९८९ नंतर पुन्हा उघडली. लोकांनी त्यांना ‘भूत-स्थानके’ म्हटले. मुंबईत पूर्णतः भुयारी मेट्रो २०२४ साली सुरू झाली. तिला टाकून दिलेला असा भूतकाळ अद्याप नाही.

या स्थानकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्या लेखनाचा सूर बहुधा हळवा असतो. त्याचे कारण उघड आहे. बंद स्थानक दिसते. चालत्या गाडीच्या खिडकीतून क्षणभर का होईना, फरशीच्या भिंती, जुना नामफलक, रिकामा फलाट नजरेस पडतो. त्याला नाव असते, नकाशावर जागा असते आणि बंद झाल्याची तारीख असते. भूत म्हटले तरी त्याला निदान नाव-गाव आहे. अशी जागा स्मरणरंजनाचा विषय होऊ शकते, तिकीट काढून तिचे दर्शनही घेता येते. भग्नावशेषाचे सौंदर्यशास्त्र इथे सुखाने नांदू शकते.

ज्या बंद जागेला नाव नाही, जी कोणत्याही खिडकीतून दिसत नाही आणि जिची तारीख तिच्यावर राहणाऱ्यांना ठाऊक नाही, तिच्याबाबतीत मात्र हे सौंदर्यशास्त्र निरुपयोगी ठरते. अशी जागा शोधायला लंडन-बर्लिनला जाण्याचे कारण नाही. ती चंद्रपुरात आहे.

२

चंद्रपूर ओळखले जाते ते त्याच्या गोंडकालीन परकोटासाठी. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे आणि हनुमान, विठोबा, चोर, मसाण, बगड या पाच खिडक्या. शहराने आपल्या प्रत्येक वाटेला नाव दिले होते. प्रेत नेण्याच्या वाटेलाही नाव होते आणि चोरवाटेलाही. परकोट ही अशी सीमा आहे की, आत कोण आणि बाहेर कोण हे ती सर्वांना सांगते. परंतु या शहराला आणखी एक परिसर आहे. त्याला दरवाजे होते, पण आज ते विटा-मातीने बुजलेले आहेत. आणि त्याची सीमा शहरातल्या सामान्य माणसाला सांगता येणार नाही. हा परिसर म्हणजे जुन्या भूमिगत कोळसाखाणींचा.

वर्धा खोऱ्यातील कोळशाचा औद्योगिक इतिहास दीडशे वर्षांचा आहे. वरोऱ्याची सरकारी खाण १८७० च्या दशकात सुरू झाली, तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आणला गेला, आणि १९०६ साली ती बंद करण्यात आली. तोवर बल्लारपूरकडे नवी खाण उघडलेली होती. पुढे चंद्रपूरच्या अंगाला लागून एकेक खाण होत गेली. रयतवारी, महाकाली, लालपेठ ही खाणींची नावे आज शहरातील वस्त्यांचीही नावे आहेत. चैत्रात लाखो भाविक जिच्या यात्रेला येतात त्या देवीचे नाव एका खाणीला मिळाले. १ मे १९७३ रोजी कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७५ मध्ये कोल इंडियाची रचना होऊन या भागातील खाणी वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आल्या. नंतरच्या काळात भर खुल्या खाणींवर राहिला, आणि भूमिगत खाणी एकामागून एक मिटत गेल्या.

या खाणींचे काम ज्या पद्धतीने चाले तिचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. कोळशाच्या थरात एकमेकींना छेदणाऱ्या गल्ल्या काढीत जायचे आणि मधोमध कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, ही पहिली पायरी. वरचा डोंगर म्हणा, शेत म्हणा, वस्ती म्हणा, या खांबांवर तोललेली असते. दुसऱ्या पायरीत परतीच्या वाटेवर हे खांबही काढून घेतले जातात. तेव्हा छत पडू दिले जाते, किंवा पोकळीत नदीची वाळू भरली जाते. वर नदी, रेल्वे, रस्ता किंवा गाव असेल तर खांब तसेच ठेवले जातात. म्हणजे ज्या वस्तीसाठी ते ठेवले त्या वस्तीचे ते कायमचे अदृश्य आधार होतात. खाण बंद झाली की पाण्याचा उपसा थांबतो, गल्ल्या पाण्याने भरत जातात, हवा मिळालेला कोळसा कुठे कुठे आपोआप पेटतो, आणि खांबांच्या कडा वर्षानुवर्षे झिजत राहतात. थर उथळ असेल तर एखाद्या दिवशी वरची जमीन विहिरीसारखी आत जाते.

ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहते घर असेच बघता बघता जमिनीत गडप झाले. जमीन हलल्याची चाहूल लागून घरातली माणसे बाहेर पडली, म्हणून वाचली. वस्ती जुन्या भूमिगत खाणीवर होती. शेजारच्या कुटुंबांना हलवावे लागले. वृत्तपत्रांनी ही घटना ‘आश्चर्य’ म्हणून छापली, परंतु तिच्यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नव्हते. आश्चर्य वाटणे हे अज्ञानाचे लक्षण आहे, आणि ते अज्ञान निसर्गाने निर्माण केलेले नव्हते.

भुयारी स्थानक आणि खाण यांतला मूलभूत भेद इथे स्पष्ट होतो. स्थानकाचे भुयार पोकळीसाठीच खणलेले असते. पोकळी हे तिथले साध्य आहे, म्हणून तिला अस्तर आहे, देखभाल आहे, आणि ती बंद झाली तरी बांधकाम म्हणून तिची गणना होते. खाणीत पोकळी हे साध्य नाही आणि साधनही नाही. कोळसा नेल्याची ती केवळ खूण आहे. जे हवे होते ते निघून गेले, आणि जे उरले ते कोणालाच हवे नव्हते. म्हणून तिला कोणी मालक मिळत नाही.

३

या मालकहीनतेची मुळे भाषेत आहेत. कोळसाखाणींच्या विनियमांत ‘गोफ’ नावाची एक संज्ञा आहे. खाणीत हा शब्द रोजच्या बोलण्यातला आहे. मराठी कानाला तो विणीचा गोफ आठवून देतो, पण इथे अर्थ नेमका उलटा आहे. जिथून खांब किंवा खांबांचा काही भाग काढून घेतलेला आहे, आणि जी ‘कामाची जागा नाही’, ती गोफ. व्याख्येचा शेवट नकाराने होतो, हे लक्षणीय आहे. जागा काय आहे हे सांगितलेले नाही, ती काय नाही एवढेच सांगितले आहे. कामगाराच्या सुरक्षेसाठी ही व्याख्या योग्यच आहे. त्याला तिथे जाऊ न देण्यासाठी एवढे पुरते. परंतु कामाच्या संबंधाखेरीज जागेला दुसरे कोणतेही अस्तित्व न देणारी भाषा जेव्हा पुढे वस्ती, शेती आणि घर यांच्या प्रदेशात येते, तेव्हा तिच्यापाशी बोलायला काहीच उरत नाही.

मात्र याच विनियमांत एक वेगळा, अधिक शहाणा सूरही आहे. कोणत्याही जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत नवे काम न्यायचे असेल, तर त्यासाठी परवानगी लागते आणि पुढे भोके पाडून चाचपणी करीत जावे लागते. त्या जुन्या कामात पाणी साठलेले नाही अशी तपासून खात्री झाली असेल तेवढाच अपवाद. म्हणजे न पाहिलेली जुनी जागा रिकामी धरायची नाही, भरलेलीच धरायची. हा नियम रक्ताने लिहिला गेला आहे. १९५४ साली छिंदवाड्याकडील न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून ६३ कामगार मेले. २७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळ चासनाला येथे जुन्या कामात साठलेले पाणी फुटून अधिकृत आकड्यानुसार ३७५ कामगार बुडाले. २००१ साली बागडिगी येथे लगतच्या सोडून दिलेल्या कामाचे पाणी आत आले आणि २९ जणांचा बळी गेला. या प्रत्येक ठिकाणी मारणारी वस्तू ‘नसलेली’ होती, म्हणजे नोंदीतून निघून गेलेली होती.

जमिनीखालच्या कामगाराला हा नियम संरक्षण देतो. जमिनीवरच्या रहिवाशाला असा कोणताही ‘६० मीटर’चा हिशोब उपलब्ध नाही. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या सदरात बँकेचा बोजा नोंदवता येतो, विहिरीतला हिस्सा नोंदवता येतो. पायाखालच्या पोकळीसाठी स्वतंत्र रकाना नाही. शहरातल्या आखीव पत्रिकेतही नाही. घर घेणारा माणूस जमिनीचा इतिहास तीन पिढ्यांपर्यंत शोधून काढतो, पण तो मालकांचा इतिहास असतो, जागेचा नसतो.

४

आधुनिक साहित्यविचाराने भूमिगत अवकाशाकडे पाहण्याची जी दृष्टी आपल्याला दिली, ती या प्रसंगी कितपत उपयोगी पडते? गास्ताँ बाश्लार याने घराच्या तळघराला मनाच्या अंधाऱ्या, विवेकापलीकडील भागाचे रूप मानले. त्याआधी फ्रॉइडने १९३० च्या आपल्या ग्रंथात मनाची तुलना रोम शहराशी केली. मनात जे एकदा निर्माण झाले ते नष्ट होत नाही. जणू रोममधल्या सर्व काळांच्या वास्तू एकाच जागी एकाच वेळी उभ्या आहेत, अशी कल्पना करावी. या रूपकाने आपली समीक्षा फार प्रभावित झाली आहे. ‘दडपलेले परत येते’ हे सूत्र आपण कादंबऱ्यांना लावले, शहरांना लावले, इतिहासालाही लावले.

खाणीपुढे हे सूत्र अपुरे पडते. दमन झालेली वस्तू आत असते, म्हणूनच ती परत येते. खाणीतून मात्र वस्तू काढून नेलेली आहे. ती जळाली, तिची वीज झाली, तिच्यावर आगगाड्या धावल्या. परत येण्यासाठी तिथे काही उरलेलेच नाही. घुग्घुसला जे वर आले ते दडपलेले काही नव्हते. नेलेल्या वस्तूच्या जागी वरचे खाली गेले. दमन आणि उपसा या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांची नीतीही भिन्न आहे. दमनावर उपाय म्हणजे उच्चार. दडपलेले बोलले गेले की मुक्तता होते, असे मानसशास्त्र सांगते. उपशावर केवळ उच्चार हा उपाय नाही. तिथे भरणी करावी लागते, आणि भरणी शक्य नसेल तर निदान खूण ठेवावी लागते. साऱ्या भौतिक पोकळ्यांना मनाच्या पोकळ्यांचे रूपक मानणारी समीक्षा हा फरक पुसून टाकते. तिला अवकाश ‘अर्थपूर्ण’ वाटतो आणि ती समाधान पावते. वर राहणाऱ्याला तो अर्थपूर्ण नको असतो, भक्कम हवा असतो.

मिशेल फूको याने १९६७ च्या एका व्याख्यानात ‘अन्य-स्थळां’ची कल्पना मांडली. प्रत्येक समाज काही जागा नेहमीच्या जागांपासून वेगळ्या राखतो, आणि त्यांत समाजाच्या व्यवस्थेचे उलटे प्रतिबिंब दिसते. दफनभूमी, तुरुंग, जहाज ही त्याची उदाहरणे. बंद खाण या मालिकेत बसेल काय? एका अर्थी बसते, कारण तिच्यात आपल्या प्रगतीचे उलटे चित्र आहे. परंतु फूकोच्या अन्य-स्थळांना प्रवेशाचे नियम असतात. ती बंद असतात तशी विशिष्ट रीतीने उघडतातही. दफनभूमीला जाणारी वाट समाज जपतो. चंद्रपूरच्या परकोटाने मसाणखिडकीला नाव देऊन हेच केले होते. खाणीच्या तोंडावर घातलेली विटांची भिंत ही कोणत्याच वाटेचा शेवट नाही. बंद करणे आणि सोडून देणे यांतला भेद इथे आहे, असे मला वाटते. बंद करणारा जागेशी असलेले आपले नाते बदलतो, पण तोडत नाही. तो किल्ली ठेवतो, खूण ठेवतो, कोणाला तरी सांगून जातो. सोडून देणारा नाते तोडतो आणि परिणाम मात्र मागे ठेवतो. मराठीत ‘बंद पडली’ आणि ‘बंद केली’ या दोन क्रियारूपांत हा फरक सूक्ष्मपणे नोंदलेला आहे. ‘बंद पडली’ म्हटले की कर्ता नाहीसा होतो. आपण खाणींविषयी बहुधा ‘बंद पडली’ असेच म्हणतो.

५

मग सोडून दिलेल्या जागेला पुन्हा ‘बंद केलेली’ जागा कसे करता येईल? ही भूमिगत वस्तू आपल्याला प्रत्यक्ष अनुभवता येत नाही. ती केवळ एका संहितेच्या द्वारे उपलब्ध आहे. ती संहिता म्हणजे खाणीचा अखेरचा नकाशा. काम सोडताना कुठवर गल्ल्या गेल्या, कोणते खांब ठेवले, कोणते काढले, कुठे वाळू भरली, याचा हा एकमेव लेख. सर्वेक्षकाच्या हातून एखादी रेघ चुकली, किंवा खांब कागदावर जाड आणि प्रत्यक्षात बारीक राहिला, तर पन्नास वर्षांनी त्या चुकीची किंमत दुसराच कोणी मोजतो. पाठचिकित्सेचे जे शास्त्र आपण प्राचीन हस्तलिखितांसाठी घडवले, त्याची इतकी निकडीची गरज क्वचितच दुसऱ्या एखाद्या संहितेला असेल. शिवाय इथे एक विलक्षण परिस्थिती आहे. या संहितेचा खरा वाचक, म्हणजे तिच्यावर राहणारा माणूस, तिच्यापर्यंत पोचतच नाही. लेखक, संग्राहक आणि वाचक हे सर्व एकाच व्यवस्थेच्या आत आहेत.

आपल्या परंपरेत याच्या नेमके विरुद्ध असे एक उदाहरण आहे. महानुभावांची स्थानपोथी. चक्रधरस्वामी जिथे जिथे राहिले, बसले, चालले, त्या जागांची ती नोंद. कोणत्या गावी, गावाच्या कोणत्या दिशेला, देवळाचे दार कोणीकडे, त्यापासून स्थान कुठे, अशा अत्यंत कोरड्या, मोजमापाच्या भाषेत ती लिहिली आहे. तिचे वाङ्मयीन मूल्य काय, असा प्रश्न अभ्यासकांना पडत आला आहे. माझ्या मते तिचे मूल्य तिच्या कोरडेपणातच आहे. प्रत्यक्ष पुरुष निघून गेला, देवळे पडतील, गावे उठतील, हे ठाऊक असलेल्या एका समुदायाने जागेचे ज्ञान पुढच्या पिढीच्या हाती सोपवायचे ठरवले, आणि त्यासाठी अलंकार बाजूला ठेवले. जागोजाग बांधलेले ओटे ही त्याच पोथीची दगडात उतरलेली अक्षरे होत. इथे अनुपस्थिती आहे, पण सोडून देणे नाही. कोणीही भाविक पोथी घेऊन जागेपाशी जाऊ शकतो. वाचक आणि जागा यांच्यामध्ये कोणतेही कार्यालय उभे नाही.

खाणीच्या नकाशाला स्थानपोथीचा धर्म लाभावा, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे काय? एक जागा पावित्र्यामुळे जपली जाते आणि दुसरी धोक्यामुळे जपावी लागते, हा फरक आहेच. तरीही दोन्ही ठिकाणी वाचकाचा हक्क एकाच कारणाने निर्माण होतो: ज्या जागेचा माझ्याशी संबंध आहे, तिच्याविषयीचे ज्ञान माझेही आहे.

६

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळता येण्याजोगा नाही. जबाबदारीला काही मर्यादा आहे की नाही? जगातले प्रत्येक जुने शहर कशाच्या तरी अवशेषांवर उभे आहे. वरोऱ्याची खाण बंद करणारे सरकार आज अस्तित्वात नाही, १९७३ पूर्वीच्या खासगी कंपन्या नाहीत, खणणारे कामगार नाहीत. आणि कोळसा जाळून निघालेल्या विजेचा लाभ तर आपण सर्वांनीच घेतला. मग दोषी कोण? आणि प्रत्येक पिढीने मागच्या सर्व पिढ्यांच्या पोकळ्या वाहायच्या ठरवल्या, तर जगणार कसे?

आक्षेपाचा पहिला भाग कायद्याने आधीच सोडवला आहे, निदान कायद्याची तशी समजूत आहे. १९७३ च्या राष्ट्रीयीकरण अधिनियमाने खाणी केंद्र सरकारकडे सर्व बोजांपासून मुक्त अशा निहित केल्या, आणि नियत दिवसापूर्वीच्या मालकांची दायित्वे ही त्या मालकांचीच राहतील, सरकारवर ती बजावता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. यामागचा हेतू वाईट नव्हता. खासगी मालकांनी थकवलेली देणी सार्वजनिक तिजोरीवर पडू नयेत, कामगारांची आणि धनकोंची देणी मालकांना मिळणाऱ्या भरपाईतून भागावीत, अशी ती योजना होती. परंतु पोकळी हे असे देणे आहे की, त्याचा दावा दाखल करणारा धनको तेव्हा जन्मलाच नव्हता. म्हणून ते कोणत्याच यादीत आले नाही.

आपल्या धर्मशास्त्राने ऋणाच्या मर्यादेचा विचार अधिक बारकाईने केलेला आहे. ऋणादानाच्या प्रकरणात असा क्रम सांगितला जातो की, बापाचे ऋण मुलाने व्याजासह फेडावे, आजोबाचे नातवाने केवळ मुद्दल फेडावे, आणि पणजोबाच्या ऋणाला पणतू बांधील नाही. मात्र मालमत्ता हाती आली असेल तर तो बांधील आहे. या क्रमात दोन तत्त्वे गुंफलेली आहेत. काळ लोटतो तसे ऋण हलके व्हावे हे एक, आणि जो मालमत्ता घेतो त्याला ऋण नाकारता येत नाही हे दुसरे. पहिल्या तत्त्वात आक्षेपाचे समाधान आहे. एकोणिसाव्या शतकाचे व्याज आपण भरावे असे कोणी म्हणत नाही. दुसऱ्या तत्त्वात मात्र आपली अडचण आहे. खाण घेतली, खाणीतला उरलेला कोळसा घेतला, आणि खाणीची पोकळी तेवढी मागच्या मालकाची, हे विभाजन न्यायाच्या कोणत्याही कसोटीवर टिकत नाही. एवढेच नव्हे, तर पोकळीही पुन्हा मालमत्ता होऊ शकते. २०२२ पासून कोल इंडियाने बंद पडलेल्या भूमिगत खाणी महसूल-वाटपाच्या तत्त्वावर खासगी चालकांना देऊ केल्या आहेत. मोल असेल तेव्हा जागा ‘आपली’, आणि नसेल तेव्हा ‘बंद पडलेली’.

बंद करण्याचीही किंमत असते, हे शासनाने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत मान्य केले. खाणचालकाने खाण चालू असतानाच बंद करण्याच्या खर्चासाठी राखीव खात्यात रक्कम भरावी, असे ठरले. दर ठरले ते खुल्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी १ लाख रुपये. तांत्रिक दृष्ट्या याचे समर्थन होऊ शकेल. खुल्या खाणीत मातीचे डोंगर हलवावे लागतात. तरीही जे दिसते त्याची किंमत जे दिसत नाही त्याच्या सहापट, या प्रमाणात आपल्या नैतिक दृष्टीचे एक मापही सापडते. आणि या सूचनांच्या आधी मिटलेल्या खाणींच्या नावे असे खातेच उघडले गेलेले नव्हते.

७

चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखाला बंदीचा दुसराही एक अर्थ परिचयाचा आहे, आणि तो जंगलाने शिकवलेला आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात संरक्षित वनाचा एखादा भाग ३० वर्षांपेक्षा अधिक नाही इतक्या मुदतीसाठी बंद करण्याची तरतूद आहे. पण ही तरतूद सशर्त आहे. लोकांचे हक्क तेवढ्या काळापुरते स्थगित होतात आणि ते बजावण्यासाठी उरलेले वन पुरेसे व सोयीचे असले पाहिजे. या कायद्याचा इतिहास आदिवासींच्या दृष्टीने अन्यायाचा आहे, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही बंदीची ही कल्पना विचारार्ह आहे. तिला मुदत आहे, कारण आहे, आणि ज्याचे जाते त्याच्यासाठी दुसरीकडे काही राखलेले आहे. कूप बंद होतो तो पुन्हा वाढण्यासाठी. खाणीची बंदी बेमुदत आहे, आणि तिच्यात काही वाढत नाही. वाढले तर फक्त पाणी.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. त्या गावाच्या व्यवहारात आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट हक्काइतकीच अभ्यासगटाची आहे. ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय होण्यापूर्वी विषय समजून घेण्यासाठी माणसे वेगळी बसतात, माहिती मागवतात, बाहेरच्या जाणकाराला बोलावतात, वाद घालतात. निर्णय गावाचा आणि त्यामागचे ज्ञानही गावाचे, हा तिथला आग्रह आहे. जंगल डोळ्यांना दिसते, म्हणून हे तिथे सोपे आहे, असे म्हणता येईल. परंतु न दिसणाऱ्या जागेच्या बाबतीत हा आग्रह अधिक आवश्यक ठरतो, कमी नव्हे.

तेव्हा मागच्या पिढ्यांच्या पोकळ्या भरून काढण्याचे अमर्याद ओझे आपल्यावर आहे, असे या लेखाचे म्हणणे नाही. आपल्यावर असलेले ऋण मर्यादित आहे, पण ते टाळता येणारे नाही. परंपरेने सांगितलेल्या तीन ऋणांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते, म्हणजे जे ज्ञान मिळाले ते पुढे चालवल्याने. सोडून दिलेल्या जागेचे ऋण या जातीचे आहे. ज्याने कोळसा नेला त्याने, आणि त्याची मालमत्ता ज्याच्याकडे आली त्याने, पोकळीचे ज्ञान तिच्यावर राहणाऱ्याच्या हाती दिले पाहिजे. नकाशा धनबाद-नागपूरच्या कपाटातून वॉर्डात आणि ग्रामसभेत आला पाहिजे, समजेल अशा मराठीत, गोंडीत, तेलुगूत वाचला गेला पाहिजे, आणि जमिनीच्या दाखल्यावर त्याची नोंद झाली पाहिजे. ज्ञान दिल्याने घर वाचेलच असे नाही. काही घरे हलवावीच लागतील, आणि तो खर्च मालमत्तेच्या वारसाचा आहे. परंतु ज्ञान न देता माणसाला तिथे राहू देणे म्हणजे त्याला न सांगता खांबाच्या जागी उभे करणे होय.

साहित्याच्या अभ्यासकाचा या साऱ्यात संबंध काय, असे विचारले जाईल. संहिता कोणाकडे आहे, ती कोणाला वाचता येते, आणि तिच्यातल्या चुकीची किंमत कोण मोजतो, हे प्रश्न आपण आपल्या वर्गांत रोज विचारतो. ते तिथेच थांबवण्याचे मात्र काही सयुक्तिक कारण दिसत नाही.